कवेलू, शिसे आणि फायबरचा पत्रा

मृग लागायच्या आधी गोंडपिपरीत घरे फेरायची घाई असते. माणूस छपरावर उकिडवा बसतो, एकेक कवेलू काढून झाडतो, फुटलेले बाजूला टाकतो, सडकी कमची बदलतो आणि रचत रचत पुढे सरकतो. माकडांनी वर्षभर घातलेला धुमाकूळ दोन दिवसांत निस्तरतो. अलीकडे फेरणारे मिळेनात, म्हणून आमच्या जुन्या घराच्या पडवीवर आम्ही फायबरचा पत्रा टाकला. गळती त्याच दिवशी थांबली. इंग्लंडमधल्या कित्येक शतके जुन्या चर्चनाही सध्या हाच मोह पडतो. तिथे कवेलूंच्या जागी शिसे आहे, एवढेच.

शिसे आपल्याला परके नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला तेव्हा पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले, असे सांगतात. आपण ते पायात घातले. युरोपने आणि तुर्कांनी डोक्यावर घेतले. इस्तंबूलच्या आया सोफियाचे घुमट शिशाचेच. धातू इतका मऊ की लाकडी हातोडीने ठोकून कोणत्याही कोपऱ्यात बसवता येतो. उन्हापावसात त्यावर राखाडी थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. नीट बसवलेले छप्पर शंभर वर्षे सहज जाते. मग ते उतरवायचे, ३२७ अंशांवर वितळवायचे आणि त्याचाच नवा पत्रा करायचा.

शिसे उन्हाने फार पसरते. दोन मीटरचा पत्रा साठ अंशांच्या फरकात सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो. चहूकडून जखडला तर सुरकुततो आणि शेवटी चिरतो. म्हणून जुने कारागीर लहान तुकडे घेत आणि ते हलतील अशा दुमडींनी जोडत. आपले कवेलूही याच समजुतीने रचलेले असतात: प्रत्येक तुकडा मोकळा, फुटला तर तेवढाच बदलायचा.

या छपरांचा वैरी आज पाऊस नाही, चोर आहे. भंगारात शिशाला चांगला भाव येतो. रात्रीतून छप्पर सोलून नेतात आणि सकाळी पाऊस थेट लाकडी बाकांवर पडतो. फायबर कोण चोरणार? प्लायवर काचतंतूंची चटई पसरायची, कडक करणारे रसायन मिसळलेले पॉलिएस्टर रेझिन तिच्यात मुरवायचे, वरून रंगीत लेप द्यायचा. एक सलग कातडी तयार होते. हलके, स्वस्त, सांधा नाही. मोटारीच्या शेडला मी आनंदाने हेच सुचवीन.

जुन्या इमारतीचे तसे नाही. तिची चुन्याची भिंत आणि लाकूड ओल घेतात, सोडतात. वर सलग कातडी बसली की आतली दमट हवा तिला खालून चिकटते, थेंब धरतात आणि लाकूड न गळताच कुजते. हा त्रास शिशालाही होतो. खालून वारा नसेल तर त्याची पांढरी भुकटी होते. पण शिशाचा तुकडा उचलून खाली काय चालले आहे ते पाहता येते. फायबर कापावे लागते, आणि ठिगळ लावायला कोरडा दिवस लागतो. साधे रेझिन आगही पकडते. म्हणून इंग्लंडच्या वारसा संस्थेचा कल शिशाच्या जागी शिसेच घालण्याकडे असतो. चोरीची भीतीच मोठी असेल तिथे ती कथिलाचा मुलामा दिलेल्या स्टेनलेस स्टीलचा पर्याय सुचवते.

शिशाविरुद्धचा खरा जड मुद्दा मला विषाचा वाटतो. २०१९ मध्ये पॅरिसचे नोत्र दाम जळले तेव्हा छपरावर चारशे टनांहून अधिक शिसे होते; त्याची धूळ आसपासच्या वस्तीत, शाळांत पोचली. तरीही पुन्हा शिसेच चढवले. तिथे राहणाऱ्या आईबापांचा राग मला पूर्ण समजतो.

दुरुस्ती मूळच्याच वस्तूची हवी, असा माझा हट्ट नाही. वैनगंगेकाठी मार्कंडादेव येथे वीज पडून शिखराचा भाग मंडपावर कोसळला होता. पुढे गोंडराजाने जाड चौकोनी खांब आणि कमानी घालून मंडप सावरला, अशी जुनी वर्णने आहेत. त्यांवर कोरीवकाम नव्हते. नवे ते नवे दिसत होते, आणि शेजारचे नक्षीचे दगड त्यांच्यामुळे उभे राहिले.

आमच्या पडवीचा पत्रा काही उन्हाळ्यांत पिवळा पडला. लेप उडून तंतू वर आले. हात लागला की दिवसभर खाज. दुपारी खाली बसवेना. यंदा तो उतरवला तेव्हा सागाच्या फाट्यांवर, पत्रा जिथे टेकला होता तिथे, काळे पट्टे होते. बोट दाबले तर रुतत होते. सुदैवाने कवेलू आम्ही फेकले नव्हते, गोठ्यामागे रचून ठेवले होते. त्यातले निम्म्याहून जास्त चांगले निघाले. पत्र्याचा एक तुकडा मात्र ठेवला आहे, चुलीच्या खोलीवर, उजेडासाठी.