जुनी गाडी, लांबची वाट (भाग 4) : आधी चासी, मग रंग

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी म्हसोबाची जत्रा भरते. तिथल्या बैलबाजारात शेतकरी रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही. तो बैलाचा जबडा उघडून दात मोजतो, खूर चाचपतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच भावाचं बोलतो. जुनी फोर-बाय-फोर घ्यायला निघालेल्या माणसाची नजर मात्र बहुतेक वेळा उलटी फिरते. आधी रंग, मग जाडजूड टायर, मग छपरावरचं कॅरियर. गाडीखाली आडवं होऊन बघणारा क्वचितच भेटतो.

पहिली गल्लत नावाची होते. शहापूरहून डोळखांब-किन्हवलीकडे किंवा मुरबाडहून टोकावड्याकडे माणसं भरून धावणाऱ्या जीपा वर्षानुवर्षं पाहिलेल्या असतात. त्यामुळे जीपसारखी दिसणारी गाडी म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, असा समज घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त मागची चाकं ओढतात. बोलेरो आणि सुमो बहुतांश टू-व्हीलच विकल्या गेल्या आणि 2010 साली आलेली महिंद्रा थारसुद्धा दोन्ही प्रकारांत मिळत होती. म्हणून आधी पुढच्या चाकांच्या मधे वाकून पाहावं. तिथे डिफरन्शियलचा लोखंडी गोळा दिसला आणि गिअरच्या दांड्याजवळ दुसरा आखूड दांडा, किंवा डॅशबोर्डवर फोर-व्हीलचं बटण असलं, तरच पुढची बोलणी.

आता गाडी कोणती? महिंद्राने 1947 साली विलिस जीप जोडायला घेतली. एमएम 540 आणि 550 याच घराण्यातल्या. माळशेजच्या धुक्यात त्या देखण्या दिसतात, पण सलग चारशे किलोमीटर डांबरावर त्यांत बसणं पाठीला झेपत नाही. शिवाय अनेकींची इंजिनं मधल्या काळात बदललेली असतात.

मारुती जिप्सी 1985 साली आली. 1996 मध्ये तिला 1.3 लिटरचं इंजिन मिळालं आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती 2019 च्या सुमाराला बंद झाली. वजन जेमतेम टनभर. पहिल्या पावसात भातखाचराच्या बांधालगतची वाट लोण्यासारखी होते, तेव्हा दोन टनांची गाडी रुतते तिथून जिप्सी निघून जाते. पण टाकी 40 लिटरची, इंजिन पेट्रोलचं, मागची बाकं आखडलेली आणि पाटे कडक. दोघांना शनिवार-रविवारी आजोबा डोंगराच्या पायथ्याशी किंवा नाणेघाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत जायचं असेल तर तिच्यासारखी गाडी नाही. चौघांना स्पितीला जायचं असेल तर ती नको.

लांबच्या प्रवासासाठी जुन्या थारचं 2.5 लिटर सीआरडीई इंजिन, 105 अश्वशक्तीचं, जास्त कामाचं. कुटुंब मोठं असेल, रात्री गाडीतच पाठ टेकायची असेल, तर फोर-व्हील असलेली स्कॉर्पिओ किंवा सफारी. या दोघींची फोर-व्हील मॉडेलं कमी विकली गेली, म्हणून शोध लांबतो. तो लांबू द्यावा. फोर्स गुरखाला डिफरन्शियल लॉक कंपनीकडूनच मिळतात आणि चिखलात ती अफाट आहे, पण महामार्गावर तिला घाई करवत नाही.

मॉडेलपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गंज. या पट्ट्यात चार महिने पाऊस कोसळतो, गाडी ओल्या गवतात उभी राहते आणि चासीच्या पोकळ भागात शिरलेला चिखल तिथेच बसून लोखंड खातो. हातात छोटी हातोडी आणि बॅटरी घेऊन गाडीखाली जावं. पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेले असतात, तिथे हलकेच ठोकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा ओबडधोबड ओघळ हाताला लागला, तर भाव कितीही उतरला तरी ती गाडी सोडावी. इंजिन पुन्हा बांधता येतं. कुजलेली चासी सामान भरलेल्या गाडीला घाटात दगा देते.

मग डिफरन्शियलचं ऑइल. मिस्त्रीला वरचा प्लग खोलायला लावून आत बोट घालावं. ऑइल तपकिरी, काळपट असेल तर चालतं. ताकासारखं दुधाळ निघालं, तर आत पाणी गेलेलं आहे. गाडी ओढ्यात घातलेली असते, गरम गोळ्यातली हवा थंड पाण्यात अचानक आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. बेअरिंगचं नुकसान त्यानंतर महिनोन्महिने चालू राहतं.

खरी चाचणी दोन ठिकाणी घ्यावी. एक आसनगाव ते कसारा महामार्गावर, ताशी 80 च्या वेगाने. स्टिअरिंग थरथरतं का, तापमानाचा काटा चढतो का, हे तिथे कळतं. दुसरी मुरमाच्या मोकळ्या चढावर. फोर-व्हील कोरड्या डांबरावर लावू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, या जुन्या गाड्यांत पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. मुरमावर चाकं थोडी घसरून तो पीळ सोडवतात. काही जिप्सींना पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात, ते विसरू नये. मग फोर-लो (फोर-व्हीलची सावकाश, जास्त ओढीची जागा), पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला. गाडीने बैलाच्या चालीने, न अडखळता चढ चढावा. फोर-व्हीलचा आखूड दांडा पडत नसेल, किंवा पडून निसटत असेल, तर तो बरीच वर्षं कोणी हलवलेलाच नाही. ‘कधी वापरायची वेळच आली नाही’ हे वाक्य विकणारा कौतुकाने सांगतो. ते ऐकून सावध व्हावं. वंगणाविना पडून राहिलेले जोड तिथेच धरतात.

कंपनीबाहेरचे बदलही बघावेत. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदी घातली. तानसा आणि भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी नेऊन तंबू ठोकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग चाकं चार ओढोत वा दोन.

कागद शेवटी, पण सवडीने. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. दिल्लीतल्या निर्बंधांमुळे तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्या किमतीत ना-हरकत दाखला आणि इथला रस्ता कर धरूनच हिशेब मांडावा. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेले आकडे आरसीशी एकेक करून ताडून पाहावेत. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका उमटला, तर विसार द्यायच्या आधी तो कागद घेऊन आरटीओत जावं.

(पुढच्या आठवड्यात : पाण्याचे डबे, तंबू, चार माणसं आणि पाट्यांना झेपणारं वजन.)