शर्यत संपल्यावर

श्रोतेहो, तळेऱ्याहून निघून, वैभववाडी मागे टाकून, करूळचा घाट चढून तुम्ही कोल्हापूरला कितीदा तरी गेला असाल. कुणी बाजाराला, कुणी दवाखान्याच्या कामाला, कुणी अंबाबाईच्या दर्शनाला. त्या कोल्हापुरात एका नाक्याला 'रेसकोर्स नाका' म्हणतात. तिथे आता शर्यतीचे घोडे नाहीत, नाव तेवढे राहिले आहे. ते नाव ऐकले की एक साधा प्रश्न मनात येतो. शर्यतीचा घोडा धावतो, जिंकतो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र छापून येते. पण धावणे थांबले की त्याचे पुढे काय होते?

तुम्ही म्हणाल, "आम्हाला काय करायचंय? आमच्या वाडीत घोडा औषधालासुद्धा नाही!" पण मंडळी, घोडा तुमच्याकडे आहे तो औषधालाच आहे. आपल्या सड्यावर, कातळावर फुरसे चावले म्हणजे माणसाला सरकारी दवाखान्यात नेतात आणि तिथे प्रतिविषाचे इंजेक्शन देतात. ते प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या थोड्या मात्रेने घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला मारक असे द्रव्य तयार होते आणि तेच वेगळे काढून माणसासाठी वापरतात. पुण्याच्या पूनावाला यांच्या पागेतील, शर्यतीच्या उपयोगाचे न उरलेले घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तजलासाठी दिले जात. त्यातूनच पुढे १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हा या जनावराशी आपला संबंध नाही, असे कोकणातल्या माणसाने तरी म्हणू नये.

पण आज सांगायचे आहे ते दुसऱ्याच घोड्यांविषयी. शर्यत सोडल्यावर जे घोडे स्वारीच्या कामाला, नव्या घरी जातात, त्यांच्या रोजच्या आयुष्याविषयी.

आधी थोडा हिशेब करू. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा झाला की मैदानात उतरतो. पाचव्या, सहाव्या, फार तर सातव्या-आठव्या वर्षी बहुतेकांची शर्यत संपते. कुणाच्या पुढच्या पायाची शीर दुखावते, कुणाचा वेग कमी पडतो. घोड्याचे आयुष्य मात्र नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे कमाईची वर्षे चार-पाच आणि त्यानंतरची पंधरा-वीस! चांगल्या वंशाच्या घोड्या आणि थोडे नर पैदाशीसाठी ठेवतात. बाकीच्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न.

मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर हिवाळ्यात शर्यती होतात, पावसाळ्यात त्या पुण्याला होतात. महालक्ष्मीलाच अमॅच्युअर रायडर्स क्लब ही घोडेस्वारी शिकवणारी जुनी संस्था आहे. शर्यतीतून उतरलेले घोडे तिथे शिकाऊ मुलांना पाठीवर घेतात. पुण्याच्या आसपासही स्वारीच्या शाळा आहेत. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसांची ने-आण घोड्यावर चालते. त्या घोड्यांतही कधीकाळी शर्यतीत धावलेले काही आढळतात.

आता समजा, अशी एक घोडी आहे. तिला आपण बिजली म्हणू. वय सहा वर्षे, वजन साडेचारशे किलो. काल ती शर्यतीच्या तबेल्यात होती, आज स्वारीच्या शाळेत आली. घाटावरून विकत आणलेला बैल पहिले काही दिवस नव्या गोठ्यात कसा बावरतो, हे तुम्ही पाहिले आहे. पाणी पीत नाही, हंबरतो, दावे ओढतो. बिजलीचे तसेच होते. फरक एवढाच की तिच्या अंगात ताशी साठ किलोमीटर पळण्याची ताकद आहे. महालक्ष्मीच्या डर्बीत असे घोडे २४०० मीटर अंतर सुमारे अडीच मिनिटांत तोडतात.

म्हणून जाणता मालक आल्या दिवशी तिच्यावर खोगीर चढवत नाही. काही आठवडे तो तिला नुसती विश्रांती देतो. शर्यतीच्या तबेल्यात दिवसाचे वीस-बावीस तास ती एका खोलीत उभी असे. पहाटे कसरत, पुन्हा खोली. इथे तिला मोकळ्या कुरणात सोडतात, तीही एकटी नाही. घोडा कळपाचा प्राणी आहे. एखादी शांत, वयस्क घोडी शेजारी असली म्हणजे तिच्याकडे पाहून नवी घोडीही निवांत होते. आपण नाही का, शिकाऊ पाड्याला जुन्या बैलाबरोबर जोताला जुंपत?

दुसरी गोष्ट चंदी-वैरणीची. शिक्षकबंधूंनी हा भाग वर्गात जरूर सांगावा. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात, तो भराभर खातो आणि मग बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर एकच, आणि देहाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. चुकीचे खाणे पोटात गेले की ते तिथेच राहते, पोटशूळ उठतो आणि धडधाकट जनावर एका रात्रीत मरू शकते. म्हणून घोड्याला थोडे थोडे, पण दिवसभर खायला हवे.

शर्यतीच्या दिवसांत बिजलीला ताकदीसाठी दाणा भरपूर मिळे. ज्या कुळथाची पिठी आपण भाताबरोबर ओरपतो, त्याला इंग्रजांनी 'घोड्याचे कडधान्य' असेच नाव दिले होते, इतका दाण्याचा आणि घोड्याचा संबंध जुना. पण पळणे थांबले आणि दाणा तोच राहिला, तर ती ताकद जायची कुठे? ती उधळण्यात जाते, दुगाण्या झाडण्यात जाते. लोक म्हणतात, "घोडी द्वाड आहे." खरे म्हणजे घोडी द्वाड नाही, तोबरा जास्त भरला जातो आहे. तेव्हा दाणा कमी करायचा आणि सुके गवत वाढवायचे. मात्र हा बदल एका दिवसात नव्हे, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करायचा. एवढ्या वजनाच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो सुका चारा लागतो आणि पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी लागते.

आता येते शिक्षण. इथे एक मोठी गंमत आहे. आपल्याला वाटेल, घोडीला पळता येते म्हणजे तिला सगळे येते. पण तिला सर्वांत साध्या गोष्टीच येत नसतात.

पहिली गोष्ट, उभे राहणे. शर्यतीच्या स्वाराला चालत्या घोड्यावर हात देऊन चढवतात. त्यामुळे कुणी पाठीवर बसते आहे तोवर गप्प उभे राहायचे, हे बिजलीला कधी कुणी शिकवलेलेच नसते. रिकिबीत पाय ठेवला की ती निघते. तेव्हा पहिले अनेक दिवस धडा एकच. जवळ जायचे, थांबायचे, मानेवर थोपटायचे, परत यायचे.

दुसरी गोष्ट लगामाची. शर्यतीत स्वार लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणाला रेटा देऊन पळतो. ताण आला म्हणजे पळायचे, असा त्याचा समज होतो. नवशिका स्वार घाबरला की काय करतो? लगाम खेचतो! त्याला म्हणायचे असते 'थांब', आणि बिजलीला ऐकू येते 'पळ'. पुष्कळ अपघात या गैरसमजाचे. म्हणून तिला नव्याने शिकवावे लागते की लगाम हलका ओढून लगेच सैल सोडला, तर थांबायचे. आणि ती थांबली की तत्काळ तिला सैल सोडायचे, तेच तिचे बक्षीस.

तिसरी गोष्ट पायांची. शर्यतीचा स्वार रिकिबी आखूड करून वर उकिडवा असतो. त्याचे पाय घोड्याच्या कुशीला लागत नाहीत. शाळेतला स्वार मात्र पाय खाली सोडून मांड घालतो. कुशीला पाय लागताच बिजली दचकते. हा नवा स्पर्श तिला सवयीने कळावा लागतो. मग कदम चाल, मग दुडकी, मग हलकी दौड, आणि तीही दोन्ही हातांना वळून, कारण एकाच दिशेने धावून तिचे अंग एका बाजूला ताठ झालेले असते. या सगळ्याला महिने लागतात. पायाची शीर दुखावलेली असेल तर वर्षही लागते. घाई केली तर ती शीर पुन्हा तुटते, आणि मग ती घोडी कुणाच्याच कामाची उरत नाही.

असे वर्षभर गेल्यावर बिजलीचा दिवस कसा जातो, पाहा. पहाटे मोतद्दार येतो. तो मागून येत नाही, कारण घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नेमके पाठीमागचे दिसत नाही. तो खांद्याच्या बाजूने, आवाज देत येतो. गवत टाकतो, पाणी पाहतो, लीद पाहतो. लीद नेहमीसारखी आहे ना, यावरून पोटाची अर्धी परीक्षा होते. मग खरारा. मग चारही खूर उचलून आतली माती, खडे काढणे. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येतो. शर्यतीचे हलके नाल काढून आता जाड लोखंडी नाल, किंवा जमीन मऊ असेल तर नालच नाही. वर्षातून एकदा दात घासून सारखे करावे लागतात, कारण घोड्याचे दात वाढत राहतात आणि त्यांच्या कडा गालाला टोचतात. धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही. सकाळी तासभर मुलांची स्वारी, दुपारी सावली, संध्याकाळी कुरण. आठ-दहा वर्षांची मुलगी तिच्या पाठीवर बसून गोल फेऱ्या घालते, आणि कधीकाळी टाळ्यांच्या कडकडाटात धावलेली ही घोडी कान सैल सोडून तिला सांभाळून नेते.

पण श्रोतेहो, सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. घोडा स्वस्तात मिळतो, म्हणून घेणारे पुष्कळ असतात. पोसणे महाग पडते, म्हणून विकणारेही पुष्कळ. या हातातून त्या हातात जाता जाता जनावर झिजते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तिथल्या घोड्यांचे हाल पाहून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या मौजेच्या गाड्या बेकायदा ठरवल्या. त्यात गाडीवाल्यांचे पोटही होते, म्हणून त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आला. घोडा आणि त्याच्यावर पोट असलेला माणूस, दोघांचाही विचार एकदमच करावा लागतो. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या धंद्यानेच २००० साली अशा घोड्यांना नवे शिक्षण देण्यासाठी एक स्वतंत्र धर्मादाय संस्था काढली. ज्याने जनावराच्या धावण्यावर कमावले, त्याने त्याच्या थांबण्याचाही खर्च उचलावा, हा त्यामागचा विचार. तो आपल्यालाही पटण्यासारखा आहे.

आपण काय करू शकतो? शाळेची सहल माथेरानला गेली, तर घोड्यावर बसण्यापूर्वी मुलांना चार गोष्टी पाहायला सांगा. पाठीवर खोगिराखाली जखम नाही ना? बरगड्या मोजता येतात का? चालताना लंगडत नाही ना? तोंडाला ओढून ओढून कडियाळ्याने रक्त आलेले नाही ना? यातले काही दिसले, तर त्या घोड्यावर बसू नका, आणि मालकाला कारण सांगा. दहा जणांनी सांगितले की अकराव्या वेळी तो औषध लावतो. आणि ज्याचा घोडा तुकतुकीत आहे, त्याला दोन चांगले शब्द आणि ठरलेले पूर्ण भाडे द्या.

जाता जाता एका घोडीची खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत एक लहानखुरी घोडी सहा शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. शर्यतीच्या हिशेबाने ती नापासच. पुढे तिला उड्या मारण्याचे शिक्षण मिळाले, तिचे नाव बदलून 'टच ऑफ क्लास' ठेवले. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये जो फार्जिस या स्वाराला घेऊन तिने अडथळ्यांच्या स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळवली, एक वैयक्तिक आणि एक सांघिक. घोडी तीच होती. कुणीतरी तिला दुसरे काय जमते, हे पाहण्याची तसदी घेतली.

गुरुजी, तुमच्या वर्गातही शेवटच्या बाकावर असा एखादा बसलेला असतो. त्याच्या आईबापांना ही गोष्ट अवश्य सांगा. आणि घाट चढून कोल्हापूरला जाल, तेव्हा रेसकोर्स नाक्यावर एस. टी. थांबली की क्षणभर बिजलीची आठवण करा.