कार्ड बिल भरतं, भाव उतरवत नाही

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुणी लूमवर, कुणी साडी मार्केटात. घरात मोठं आजारपण आलं की पहिला प्रश्न असतो, ‘आयुष्मान कार्ड काढलंय का?’ प्रश्न रास्तच आहे. पण बिल कोण भरणार आणि बिल एवढं होतंच का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरोग्यखर्चाबद्दलचे बरेच गैरसमज या दोहोंची गल्लत झाल्यानं होतात.

गैरसमज : कार्ड असलं की खिशाला हात लावावा लागत नाही.

वस्तुस्थिती : गुजरातनं २०१२ मध्ये ‘मुख्यमंत्री अमृतम्’ म्हणजे मा योजना आणली. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही एकत्र झाल्या. केंद्राची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये. गुजरातनं जुलै २०२३ मध्ये ती १० लाख केली. पण हे संरक्षण रुग्णालयात भरती होण्यापुरतं आहे. भरतीआधीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात धरले जातात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या दर महिन्याच्या गोळ्या आणि गल्लीतल्या डॉक्टरची फी आपल्याच खिशातून जाते. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून कुटुंबंच भरतात.

गैरसमज : महाराष्ट्राचं कार्ड सुरतेत चालत नाही.

वस्तुस्थिती : आयुष्मान कार्ड असेल तर योजनेशी जोडलेल्या परराज्यातल्या रुग्णालयातही ते चालतं. आधीपासूनचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वयवंदना कार्ड मिळतं. गावाहून मुलाकडे राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी ते आधी काढावं. जे कुटुंब फक्त महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेत बसतं, त्यानं मात्र ही सोय गृहीत धरू नये. आणि गुजरातची १० लाखांची वाढीव मर्यादा गुजरातच्या लाभार्थ्यांसाठी आहे.

गैरसमज : ‘वरचे थोडे पैसे’ द्यावेच लागतात.

वस्तुस्थिती : योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि रुग्णालयाला ते सरकारकडून मिळतं. पॅकेजमधल्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायला मनाई आहे. कुणी मागितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावं किंवा १४५५५ वर तक्रार करावी.

गैरसमज : सरकार पैसे देतंय, मग उपचार करून घेण्यात तोटा काय?

वस्तुस्थिती : नोव्हेंबर २०२४ मध्ये कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात मोफत शिबिर झालं. तिथल्या गावकऱ्यांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेण्यात आलं, काहींना स्टेंट बसवले गेले आणि दोघे दगावले. गरज नसताना उपचार केल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले, सरकारनं हृदयोपचारांचे नियम कडक केले. पॅकेजचा दर बांधलेला असला, तरी उपचाराची गरजच नसेल तर तो दर रुग्णाला वाचवत नाही. तातडीची वेळ नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. रिपोर्ट मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.

गैरसमज : दर बांधून दिले की बिल आपोआप उतरतं.

वस्तुस्थिती : अर्धंच खरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटचे दर बांधले. औषधयुक्त स्टेंटची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती, ती २९,६०० वर आली. पण पुढच्याच वर्षी याच प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. सिरिंज, कॅथेटर यांसारख्या किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंनी बिल फुगतं. म्हणून एकूण रकमेवर न थांबता बाबवार बिल मागावं.

गैरसमज : स्वस्त औषध म्हणजे हलकं औषध.

वस्तुस्थिती : जनऔषधी दुकानात मिळणाऱ्या गोळीत ब्रँडेड गोळीतलाच घटक असतो. ब्रँडच्या किमतीत जाहिरात, प्रतिनिधींची फौज आणि साखळीतलं कमिशनही असतं. डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून घ्यावं. फिट्ससारख्या आजारात मात्र त्यांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.

गैरसमज : कामगाराला आयुष्मानशिवाय आधार नाही.

वस्तुस्थिती : महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी, कायदा लागू असलेल्या कारखान्यांत आणि दुकानांत, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा आहे. त्यासाठी पगाराच्या ०.७५ टक्के कामगार भरतो, ३.२५ टक्के मालक. यात ओपीडी येते, घरच्यांचे उपचार येतात आणि आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. म्हणजे आयुष्मान जिथं हात टेकतं, तिथं ईएसआय उभं राहतं. अट एवढीच की नाव पगारपत्रकावर हवं. रोखीनं मजुरी घेणाऱ्यांचं घोडं तिथंच अडतं.

गैरसमज : आरोग्यावरचा खर्च म्हणजे रुग्णालयावरचा खर्च.

वस्तुस्थिती : याचं उत्तर सुरतेनंच दिलंय. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक शहर सोडून गेले, कित्येक खासगी डॉक्टरही निघून गेले आणि रुग्णांचा भार न्यू सिव्हिल रुग्णालयानं उचलला. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारं आणि आजारांची रोजची नोंद यांवर भर दिला. वर्ष-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. आज शहरात महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय आहे, वॉर्डावॉर्डांत आरोग्य केंद्रं आहेत. कार्डाची मर्यादा ५ लाखांवरून १० लाख झाली याची बातमी होते. पण वस्तीतल्या केंद्रात डॉक्टर रोज बसतो का, रक्तदाबाची गोळी महिनाभर पुरते का आणि बिलातल्या प्रत्येक वस्तूला दर आहे का, हे प्रश्न नगरसेवकाला आणि आमदाराला विचारले, तरच खर्च खऱ्या अर्थानं आवरेल.