घर घेताना सातबारा आधी वाचा

वर्षावास संपला की अलिबाग, मुरूड, उरणकडच्या आपल्या वस्त्यांतून घराची बोलणी निघतात. कोणाला मुंबईच्या चाळीतून निवृत्त होऊन गावाकडे यायचे असते, कोणाला मुलांच्या नोकरीसाठी पनवेलला दोन खोल्या घ्यायच्या असतात. हातात फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम असते. हा पैसा आयुष्यात एकदाच येतो. म्हणून दलालाने "काका, आपलेच काम आहे" म्हटले की लगेच इसार मोजू नये, यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत होते ती नोटरीच्या कागदावर. स्टँपपेपरवर सही-शिक्के झाले, दोन साक्षीदार आले, की घर आपले झाले असे वाटते. ते खरे नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच हवे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती ही कराची कागदपत्रे आहेत, त्यांनी मालकी ठरत नाही.

जागेचा सातबारा ऑनलाइन पाहता येतो. शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगितले तरी तो काढून देईल. त्यात 'भोगवटादार वर्ग-२' असे शब्द दिसले तर थांबा. पुष्कळदा ती आपल्याच महार वतनाची जमीन असते. ज्या वतनाने आपल्याला गावाच्या चाकरीत जखडून ठेवले, ते मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन घरासाठी घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा लागतो. परवानगीवाचून झालेला व्यवहार सरकार मोडू शकते.

याची दुसरी बाजू आम्हाला अधिक छळते. मुंबईच्या पैसेवाल्यांना समुद्राकाठी बंगले हवेत, आणि वतनाच्या उताऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची वीस-पंचवीस नावे असतात. दलाल एखाद्या थकल्या आजीला गाठतो, चार पैसे देतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. बाकीच्या वारसांना पुढे कधीतरी कळते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच समजावून सांगा. आणि घेणारे आपण असू तर सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याखेरीज पैसे देऊ नका, मग विकणारा नात्यातला का असेना.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा दाखला मागा. हे निर्बंध १९९१ पासून आहेत, २०११ आणि २०१९ मध्ये त्यांत बदल झाले. मार्च २०१९ मध्ये किहीमला नीरव मोदीचा बंगला प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. त्याच्याकडे दुसरी घरे होती, आपल्याकडे नसतात.

नव्या इमारतीत खोली घ्यायची तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आठपर्यंत सदनिकांच्या लहान इमारतींना ही नोंदणी लागत नाही, तेथे भोगवटा प्रमाणपत्र स्वतः डोळ्यांनी पाहा. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली, ती इमारत काही फार जुनी नव्हती.

एक साधी परीक्षा आहे. रोख रक्कम असली तरी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जाची चौकशी करा. बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासतो. ज्या घरावर बँक कर्ज देत नाही, त्यावर तुमचा फंड का लावावा?

आडनाव ऐकून "जागा गेली" म्हणणारे अजून भेटतात. तेथे गयावया करू नका, पण नाकारल्याच्या रागात पुढच्या घराचे कागद न बघता सहीही करू नका.

खरेदीखतावर घरातल्या बाईचे नाव घाला. केवळ बाईच्या नावाने राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आणि जागा दिवाळीच्या सुट्टीत पाहू नका. आषाढ-श्रावणात, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाला जा. खाडीचे पाणी रस्त्यावर कुठवर चढते, विहिरीचे पाणी खारट लागते का, आजारी माणसाला रात्री वाहनापर्यंत कसे नेणार, हे शेजारच्या घरातल्या बायकांना विचारा.