गळा स्वतःचा, करार कंपनीचा

शांता आपटे यांचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. 1939 साली त्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, ही एक. ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांच्या कचेरीत जाऊन त्यांनी त्यांना छडीने झोडपले, ही दुसरी, आणि ती सांगणाऱ्यागणिक थोडी रंगत गेलेली आहे. दोन्ही सांगून झाल्या की ‘बाई मोठ्या तापट होत्या’ असा शेरा मारला जातो आणि विषय तिथेच मिटतो. तापट त्या असतीलही. पण एका नामांकित कंपनीची, लोकप्रियतेच्या शिखरावर असलेली नायिका त्याच कंपनीच्या दारात अन्नपाणी सोडून बसते, याचा उलगडा निव्वळ स्वभावातून होत नाही. त्यासाठी धंद्याकडे पाहावे लागते. मराठी रंगभूमीवर गाणारा नट मालक होऊ शकत होता. बोलपटात त्याच गुणांचे माणूस पगारी नोकर झाले. हा बदल पुष्कळांनी सोसला, पण तो ओळखून त्यावर चारचौघांत बोलण्याचे आणि पुढे पुस्तक लिहिण्याचे काम शांताबाईंनी केले. त्यांच्या गाण्याइतकेच हे कामही महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

आधी रंगभूमीचा हिशेब पाहू. केशवराव भोसले यांनी 1908 मध्ये ललितकलादर्श काढली, तेव्हा ते विशीच्या आतले होते. बालगंधर्व 1913 मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी 1918 ची. गळा ज्याचा, त्याच्या नावावर तिकिटे खपणार आणि कंपनीही त्याचीच, अशी ही व्यवस्था होती. ती सुखाची होती असे कुणी म्हणणार नाही. बालगंधर्व कर्जाच्या ओझ्याखाली पिचले आणि दीनानाथांनाही अखेरच्या वर्षांत पैशाची चणचण सोसावी लागली. तरी नाटक कोणते लावायचे, ‘वन्स मोअर’ किती घ्यायचे आणि साथीला कोण बसणार, हे ठरवायचा अधिकार त्यांच्याच हाती होता. बोलपटाची मांडणी निराळी. कॅमेरा, ध्वनियंत्र, स्टुडिओ आणि कच्ची फिल्म यांना लागणारे भांडवल एका गवयाच्या कुवतीबाहेरचे होते. खुद्द बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले, ते दुसऱ्याच्या कारखान्यात आलेला पाहुणा म्हणून. तिथे त्यांचे मन रमले नाही, यात नवल नाही.

शांता आपटे यांच्यापाशी असे मालकीचे बळ कधीच नव्हते. बहुतेक नोंदींप्रमाणे त्यांचा जन्म 1916 चा, सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. वडील स्टेशनमास्तर, गाण्याचे शौकीन. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शिक्षण झाले आणि थोरले बंधू बाबूराव यांनी त्यांना सिनेमाच्या वाटेवर आणले. 1932 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडकांबरोबर त्या राधा झाल्या. पुढे प्रभातमध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’ने, 1934 मध्ये, त्यांचे नाव मराठी आणि हिंदी अशा दोन्ही प्रेक्षकांत झाले. त्या काळी एक अट फार मोठी होती. पडद्यावर गाताना दिसायचे, तर स्वतःच गावे लागे. कॅमेरा चालू असे, मायक्रोफोन चौकटीच्या जेमतेम बाहेर टांगलेला असे आणि वादक सेटच्या आडोशाला बसलेले असत. श्वास चुकला, पाय अडखळला, तबला एक मात्रा मागे राहिला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 1935 मध्ये ‘धूप छांव’मध्ये पार्श्वगायनाची युक्ती यशस्वी केली होती, पण ती सर्वत्र रुळायला बरीच वर्षे जावी लागली. तोवर चेहरा, अभिनय आणि गळा एकाच देहात असलेले माणूस कंपनीला शोधावे लागे आणि सापडले की सांभाळावे लागे. अशी माणसे थोडी होती. शांताबाईंच्या हाती काही बळ होते, तर ते हेच.

हे बळ नेमके कशात होते, ते 1937 च्या ‘कुंकू’त दिसते. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. मामाने फसवून वयस्क वकील काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, एवढीच गोष्ट. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचा गलका असे जे त्या घरात खरोखर ऐकू येईल तेवढेच प्रेक्षकाला ऐकू येते. अशा चित्रपटात गाणे घालणे अवघड, कारण ते उपरे वाटण्याचा धोका असतो. केशवराव भोळे यांच्या चाली आणि शांताबाईंचे गाणे यांनी तो धोका टाळला. संगीत नाटकातला नट पदाची वेळ झाली की पुढे येई, कथा थांबवी आणि गाई. प्रेक्षकही कथा विसरून बसे. नीरा तसे करत नाही. ती कामे करता करता, चिडचिडत, हसत, हातवारे करत गाते. गाणे तिच्या बोलण्यालाच फुटलेला फाटा वाटतो. याच चित्रपटात त्यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही गायली. मराठी घरात ती कशाला, असा प्रश्न आजही पडतो, पण शिकलेल्या, हट्टी मुलीच्या तोंडी ती हट्टाचाच भाग होऊन जाते. रागदारीच्या मापाने हिराबाई बडोदेकर किंवा बालगंधर्व कितीतरी वरच्या पायरीवर होते, हे कबूल. मात्र ते माप इथे पुरत नाही. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर, चेहऱ्याची रेघही खोटी होऊ न देता गाणे ही वेगळी विद्या होती. मराठीत ती घडवणाऱ्या पहिल्या काही जणांत शांताबाई आहेत.

यावर एक आक्षेप तयार असतो. नीरा शांतारामांनी घडवली, चाली भोळ्यांच्या, प्रकाशयोजना आणि ध्वनी प्रभातच्या तंत्रज्ञांचा, मग शांताबाईंचे त्यात किती? प्रभातने माणसे घडवली, यात शंका नाही. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन 1933 मध्ये पुण्यात आलेल्या या कंपनीइतकी शिस्त तेव्हा फार थोड्या ठिकाणी होती. पण हाच न्याय लावला तर शांतारामांचे श्रेयही कंपनीतले भागीदार दामले-फत्तेलाल यांच्यात आणि भांडवल घालणाऱ्यांत वाटावे लागेल. ते कुणी करत नाही. दिग्दर्शकाला घडवणारी कंपनी आपण विसरतो आणि नटीला घडवणारी मात्र लक्षात ठेवतो, हा पक्षपात आहे. 1938 च्या ‘गोपालकृष्ण’नंतर करार आणि पगार यांवरून वाद झाला आणि उपोषणापर्यंत गेला. तो काळ सत्याग्रहाचा होता. उपोषण म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. शांताबाईंनी राजकारणातले हत्यार कारखान्याच्या दारात आणले आणि सिनेनटी हीसुद्धा कामगारच आहे, हे कुणाच्या डोळ्यांआड राहू दिले नाही. कंपनीबाहेर राहून आपल्या अटींवर काम करण्याचा मार्ग दुर्गा खोटे यांनी त्याआधीच धरला होता. पण त्या मुंबईच्या सधन, प्रतिष्ठित घरातल्या होत्या. स्टेशनमास्तरच्या मुलीला तेवढी निश्चिंती नव्हती.

प्रभात सुटल्यावर त्यांचे काय झाले? ‘कुंकू’च्या तोडीचे त्यांना पुन्हा काही मिळाले नाही. कंपनीवाचून त्यांचे चालले नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पण यादी पाहिली तर चित्र इतके उदास नाही. 1941 मध्ये त्यांनी मद्रासकडे जाऊन तमिळ ‘सावित्री’ केला. नायिका त्या आणि नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. परक्या भाषेत, गाणारी नायिका म्हणून, सुब्बुलक्ष्मींसमोर उभे राहायचे हे धाडसच. 1942 मध्ये लाहोरच्या पंचोलींचा ‘जमीनदार’, नंतर मुंबईतले हिंदी चित्रपट, 1948 मध्ये शांताराम आठवले यांचा ‘भाग्यरेखा’. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई एवढी फिरलेली मराठी अभिनेत्री त्या पिढीत दुसरी सांगणे कठीण आहे. शिवाय ज्या कंपनीवाचून चालले नाही म्हणतात, तिचे स्वतःचे तरी कुठे चालले? 1942 मध्ये खुद्द शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि पन्नाशीच्या दशकात कंपनीला टाळे लागले. 1960 मध्ये तिच्या आवारात सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था उघडली. पगारी कलावंतांची ती सारी व्यवस्थाच मोडत होती. त्या मोडतोडीचे खापर एकट्या शांताबाईंच्या स्वभावावर फोडणे बरोबर नाही.

त्यांचे ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक 1940 मध्ये, उपोषणानंतर लगेच आले. मराठीत नटीचे आत्मकथन म्हटले की हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ आठवते. ते 1970 चे, आणि त्यात एका बाईचे होरपळलेले आयुष्य आहे. शांताबाईंचे पुस्तक त्याच्या तीस वर्षे आधीचे, आणि त्याचा रोख निराळा. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींसमोर त्या या धंद्याचे गणित मांडतात: पैसा कुणाचा, राबतो कोण, करारात माणूस कसा अडकतो. घरचे दुःख सांगून सहानुभूती मिळवण्याची सोय त्यांना होती, ती त्यांनी वापरली नाही. कदाचित म्हणूनच हे पुस्तक लोकांच्या तोंडी राहिले नाही. होरपळलेली नटी वाचकाला लगेच जवळची वाटते, हिशेब मागणारी नटी वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पार्श्वगायनाने गाणाऱ्या नटीचे बळ काढून घेतले हे खरे, पण त्याने गाण्याचे भलेच झाले ना? दिसायला साधारण पण गळ्याने अलौकिक अशा माणसांना दार उघडले. 1946 च्या मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त शांता आपटे यांच्याबरोबर एक कोवळी मुलगी गायली आहे. ती लता मंगेशकर, बलवंत मंडळीच्या दीनानाथांची कन्या. पुढच्या दहा वर्षांत पडद्यावरच्या नायिकांना स्वतः गाण्याची गरज उरली नाही, आणि त्या बदल्यात जे संगीत मिळाले ते कुणी परत करायला तयार होणार नाही. मीही नाही. पण भांडण मिटले असे मात्र झाले नाही, ते चेहऱ्याकडून गळ्याकडे गेले. 1949 मध्ये ‘महल’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून लतादीदींचे नाव नव्हते, पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापले होते. साठच्या दशकात त्यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, तेव्हा महंमद रफींशी त्यांचा अबोला झाला. गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे रफींचे मत होते. हा वाद दोन मोठ्या गायकांच्या रुसव्याचा म्हणून रंगवला जातो. मुळात तो प्रभातच्या फाटकावरचाच प्रश्न होता: काम एकदा आणि कमाई वारंवार, तर त्या वारंवारच्या कमाईत काम करणाऱ्याचे काय?

हा प्रश्न जुन्या पुण्यापुरता राहिलेला नाही. उरण-पनवेलच्या पट्ट्यात, करंजाच्या कोळीवाड्यापासून सिडकोने वसवलेल्या द्रोणागिरीपर्यंत, हळदीच्या मांडवात आगरी-कोळी गाणी वाजतात. त्यांतली पुष्कळ आता व्हिडिओसकट येतात आणि गाणारा किंवा गाणारी त्यात स्वतः नाचते, अभिनय करते. पार्श्वगायनाने तोडलेले चेहरा आणि गळा इथे पुन्हा एकत्र आले आहेत. काही जण स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवतात, म्हणजे एका अर्थी नाटक मंडळीच काढतात, फायदाही त्यांचा आणि कर्जही त्यांचे. काही जण एकरकमी मानधन घेऊन गाणे कंपनीच्या वाहिनीला देऊन टाकतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने, सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क दिला आहे. चित्रपटात काम करायला लेखी संमती दिली तरी हा हक्क जात नाही. मात्र हाच कायदा लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे इतर समारंभ यांत गाणे वाजवणे हा हक्कभंग मानत नाही. म्हणजे हे गाणे जिथे सर्वाधिक वाजते, त्या हळदीच्या मांडवातून गायकाला कायद्याने काही यायचे नाही. जे यायचे ते वाहिनीवरच्या जाहिरातींतून आणि जाहीर कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांतून. त्यामुळे करारावर सही करण्याआधी वाहिनी कुणाच्या नावावर राहणार आहे, हे कलम मानधनाच्या आकड्याआधी वाचायला हवे.