खुनी कोण ते ठाऊक, तरी तिकीट काढू

जुन्नर-आंबेगावच्या जत्रांचं नाव निघालं की आधी नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या आणि विठाबाई आठवतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजही जत्रांच्याच हंगामावर जगल्या. तंबूतला प्रेक्षक मधूनच येणार, ऐन वेळी रीळ तुटणार. निखळ रहस्यपटाचं तिथे मातेरं व्हायचं. विनोदी गुप्तहेराला त्याची फिकीर नसते. त्याची खोटी मिशी निसटली की कुठूनही पाहिलं तरी हसू येतं. शिवाय रहस्य एकदा फुटलं की संपलं, फजिती मात्र दुसऱ्यांदाही चालते.

‘दो जासूस’ (१९७५) घ्या. ‘संगम’मधले राज कपूर आणि राजेंद्रकुमार अकरा वर्षांनी, नायकाचं वय मागे टाकून, हेरगिरीला निघाले. मग १९८२मध्ये ‘गोपीचंद जासूस’. दोन्हींचं दिग्दर्शन नरेशकुमारचं, संगीत रवींद्र जैन यांचं. थोर म्हणावेत असे हे चित्रपट नव्हेत. पण राज कपूरएवढा मोठा नट स्वतःचीच टिंगल करू देतो, ही मौज ‘आवारा’त मिळत नाही. या जातकुळीचा एक जुना पूर्वज म्हणजे बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४). त्यात सिनेमाचं मशीन चालवणाराच झोपेत गुप्तहेर होतो आणि थेट पडद्यात शिरतो. तंबूतल्या ऑपरेटरांना तो नक्की आवडला असता!

संग्राहकाला अशा चित्रपटांची ओढ लागते ती टंचाईमुळे. गाजलेल्या चित्रपटाच्या प्रिंट पुन्हा निघत, सामान्याच्या कोण काढणार? कृष्णधवल प्रिंट तर त्यांतल्या चांदीसाठी धुऊन टाकल्या जात. उरलेली रिळं घरी ठेवणंही सोपं नाही: अ‍ॅसिटेट फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आक्रसते, मग मशीनवर चढत नाही. नायट्रेटची तर पेटच घेते. म्हणून शहाणा संग्राहक कागद गोळा करतो: पोस्टरं, थिएटरबाहेर लावायचे फोटो, गाण्यांच्या पुस्तिका. पिस्तूल, प्रश्नचिन्ह आणि विनोदी नटाचा बावळट चेहरा एकाच पोस्टरवर हवा असेल, तर दुसरीकडे कुठे मिळणार? पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी चक्कर मारावी. पण पोस्टर खरं की नवी छपाई, हे पैसे देण्याआधी कागद, घड्या आणि मुद्रकाचं नाव पाहून ठरवावं.

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगावच्या कुणाच्या माळ्यावर टॉकीजची ट्रंक असेल, तर ती रद्दीत घालू नका. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आधी तिथे विचारा.