संप्रेरकांचे औषध आणि घरचे दार

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा भरते, तेव्हा बेळगाव-निपाणीच्या रस्त्यांनी लुगडे नेसून, डोईवर देवीचा जग घेऊन चाललेले जोगते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांपैकी कित्येकांस जन्मतः पुरुष मानले गेले, परंतु अंतर्यामी ते स्वतःस स्त्रीच जाणतात. याच परंपरेतील मंजम्मा जोगती यांस 2021 साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. अशा व्यक्तींस आता पारलिंगी म्हणतात. त्या केवळ डोंगरावरच असतात असे नव्हे. आपल्या गावी, एखादे वेळी आपल्या घरीही असतात. त्यांपैकी काही प्रौढ व्यक्ती संप्रेरकांचे औषध घेतात. त्याविषयी चार गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संप्रेरके म्हणजे शरीरातील ग्रंथी रक्तात सोडतात ती द्रव्ये. स्त्रीरूप इच्छिणाऱ्यास डॉक्टर इस्ट्रोजेन देतात व बहुधा पुरुषी संप्रेरकास आवरणारे औषधही देतात. काही महिन्यांत कातडी मऊ होते, छाती भरू लागते, स्नायूंचे बळ उतरते. पुरुषरूप इच्छिणाऱ्यास टेस्टोस्टेरोन देतात. त्याने आवाज फुटतो, दाढी येते, मासिक पाळी थांबते. फुटलेला आवाज औषध सोडले तरी परतत नाही, आणि अपत्य होण्याची शक्तीही घटू शकते. यास्तव विचार आरंभीच करावयाचा असतो.

धोकेही आहेत. इस्ट्रोजेनमुळे पायांत वा फुप्फुसांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. विडी ओढणाऱ्यास भय अधिक, हे निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात विसरून चालणार नाही. टेस्टोस्टेरोनने रक्त दाट होऊ शकते. म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने घेणे तर फारच घातक. त्यांतील इथिनिल इस्ट्राडिओलने गुठळीचा धोका विशेष वाढतो.

मनाचे काय? ऑस्ट्रेलियात 64 प्रौढांची पाहणी झाली, ती 2023 साली प्रसिद्ध झाली. ज्यांस टेस्टोस्टेरोन लगेच मिळाले, त्यांची उदासी व आत्महत्येचे विचार तीन महिने थांबलेल्यांपेक्षा कमी झाले. परंतु औषध हा सर्व दुःखांवर उतारा नव्हे. ॲमस्टरडॅमच्या रुग्णालयातील 1972 ते 2018 या काळातील 4,568 व्यक्तींमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. त्याचे कारण संप्रेरके, असे संशोधकांस दिसले नाही. हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, एचआयव्ही व आत्महत्या यांची नोंद मात्र झाली.

2019 च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्याने या उपचारांची व त्यांच्या आधी-नंतरच्या समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पण इस्पितळापर्यंत नेणार कोण? वाचकहो, घरचे दार बंद झाले की औषध चोरून घेतले जाते, आणि पाय सुजला तरी कोणास सांगवत नाही. दार उघडे असेल, तर आईच म्हणते, “चल, डॉक्टरांना दाखवून येऊ.” एवढ्या एका वाक्याने एक जीव वाचू शकतो.